डिस्कमधलं मंठा

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

कॉम्प्युटर टकटक करून राह्यलाय. बायको, साळू म्हणते, उंदीर शिरला. डबा उघडून दाखवला, उंदीर न्हाई. मंग म्हणते, बाहेर गेला असंल.

आवाज हार्ड डिस्कमधून येतोय. चालू होताना टक-टक-टक, मंग गप, मंग परत टक. स्टुडिओ बंद करताना सगळ्या निगेटिव्ह स्कॅन करून हिच्यात टाकल्या. मूळ निगेटिव्हला बुरशी लागून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या फेकल्या. म्हणजे आमच्या मंठा गावातली लग्नं, बारशी, दहावीच्या फॉर्मचे फोटो, म्हाताऱ्यांचे शेवटचे फोटो – माझा सगळा जन्म या एका डब्यात. आन तो टकटक करतोय.

१३ नोव्हेंबर

वसंताला पुण्याला फोन लावला. पोरगं एकदम गंभीर झालं. "बाबा, आधी बंद करा. आता चालू करूच नका. प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे जुगार. नवी घ्या. एक न्हाई, दोन घ्या."

कोणत्या कंपनीची, विचारलं. म्हणाला, ऑफिसात विचारून सांगतो. संध्याकाळी फोन आला – ऑफिसात दोन तट पडले, दोन जण तर एकमेकांशी बोलत न्हाईत.

१४ नोव्हेंबर

शेजारचे रामराव हेडमास्तर म्हणतात, हिरव्या लेबलचीच घ्या. त्यांची चार वर्षं बिनतक्रार चालू आहे. साळू म्हणते, चालंल न्हाईतर काय, पत्ते खेळण्याशिवाय त्या मशीनवर काही काम होत न्हाई.

कॉम्प्युटर क्लासचे सर म्हणाले, हिरवी बिलकुल न्हाई! त्यांच्या तीन गेल्या. निळी घ्या. सायबर कॅफेत जाऊन इंटरनेटवर वाचलं. तिथं कोणी अमेरिकेतला म्हणतो निळीनं घात केला, कोणी म्हणतो निळीशिवाय दुसरी नकोच. जगभर लोक आपापल्या एका डिस्कवरून भांडून राह्यले.

मला हसू आलं. फिल्मचं माझं हेच होतं. पहिला रोल चांगला निघाला, त्या कंपनीला जन्मभर सोडलं न्हाई. दुसरीचा रोल कधी लावूनच पाह्यला न्हाई, पण ती वाईट आहे हे छातीठोक सांगायचो.

१६ नोव्हेंबर

जालन्याला गेल्तो, अण्णासाहेबांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. त्यांना म्हणलं, चांगली दाखवू नका, खराब होऊन आलेल्या दाखवा. माणूस दिलदार. ड्रॉवरच ओढला. हिरव्या, निळ्या, चांदीच्या लेबलच्या – सगळ्या कंपन्या गुण्यागोविंदानं पडलेल्या.

"हिरव्या जास्त दिसतात," म्हणलं.

"हिरव्या खपतातच जास्त," ते म्हणाले. "जी जास्त खपते ती जास्त परत येते. त्यावरून काय समजायचं?"

मंग त्यांनीच सांगितलं, "कंपनी पाहू नका. सील बराबर पाहा. दुरुस्त करून परत विकलेली घेऊ नका. गॅरंटी पाहा. आन दोन घेणार असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एका पेटीतल्या दोन घेतल्या तर दुखणंही एकच निघतं."

पटलं. तरी हातात हिरवी, मंग निळी, परत हिरवी असं करत बसलो. शेवटची एसटी सुटायला आली तसा रिकाम्या हातानं परत आलो.

साळू म्हणाली, "लुगडं निवडायला मी एवढा वेळ लावला की तुम्ही दुकानाबाहेर जाऊन उभे राहता."

१७ नोव्हेंबर

लाइट न्हाई. निर्णयही न्हाई.

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी गोपिकाबाई आल्या, शेतवस्तीवरून पायी. ओट्यावर बसल्या, पाणी प्याल्या. म्हणल्या, "फोटोवाले, माझ्या सांडूचा फोटो हाय का तुमच्यापाशी?"

सांडू त्यांचा धाकटा. दहावी झाल्यावर बापाशी भांडून घर सोडून गेला, तो गेलाच. खूप वर्षं झाली. बापानं रागाच्या भरात घरातले त्याचे फोटो चुलीत घातल्ते. आता बापही न्हाई.

त्यांच्या वस्तीवरचा कडूबा ट्रक चालवतो. रुईच्या गाठी घेऊन निजामाबादला गेल्ता. तिथं लाकडाच्या वखारीत त्याला एक माणूस दिसला, सांडूसारखा. पण कडूबानं सांडूला पाह्यलं ते पोरवयात. ओळख पटंना, नाव विचारलं तर त्या माणसानं दुसरंच सांगितलं. कडूबाचा ट्रक मंगळवारी परत तिकडंच चाललाय. "फोटो असला तर वखारीच्या मालकाला दाखवून विचारता येईल म्हणतो," गोपिकाबाई म्हणल्या. "दहावीच्या फारमाला तुम्हीच काढल्ता."

काढल्ता. डिस्कमध्ये आहे. आन डिस्क चालू करायची न्हाई.

त्यांना सगळं समजावून सांगितलं. आता चालू केली तर कदाचित फोटो निघंल, कदाचित सगळंच जाईल. नवी डिस्क आधी आणली पाहिजे. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणल्या, "मंग आणा ना."

एवढं सोपं! आन मी आठवडाभर हिरवी-निळी करत बसलोय.

२० नोव्हेंबर

पहिल्या एसटीनं जालना. मी, साळू आन गोपिकाबाई. डिस्क टॉवेलात गुंडाळलेली. धक्का लागायला नको म्हणून मी मांडीवर घेतली, पण गोपिकाबाईंनी मागून घेतली आन पदराखाली धरून बसल्या. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलायच्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय हाय पदरात?"

"पोरगं," त्या म्हणल्या.

कंडक्टरनं वाकून पाह्यलं, टॉवेल दिसला, तिकीट फाडून पुढं गेला.

दुकानात मी एक हिरवी आन एक निळी घेतली. अण्णासाहेबांनी जुनी त्यांच्या मशीनला जोडली. विचारलं, "सुरुवातीपासून घेऊ ना? सगळं ओळीनं?"

सुरुवात म्हणजे माझं सगळ्यात पहिलं काम. स्टुडिओ टाकला ती सालं, माझी उमेदीची. मी हो म्हणायला तोंड उघडलं. साळू म्हणाली, "आधी यांचं."

गोपिकाबाईंना सन सांगता येईना. थोरल्या लेकीचं लग्न त्याच साली, म्हणल्या. त्या लग्नाचे फोटो मीच काढल्ते, त्यावरून साल धरलं. डिस्क टकटकली. थांबली. परत टकटकली. मंग फोल्डर उघडलं आन पोरंच पोरं – दहावीच्या फॉर्मची, सगळ्यांच्या अंगात काळा कोट.

गोपिकाबाईंनी बोट टेकवलं. मी पाहायच्या आधीच.

"हा. पण कोट त्याचा न्हाई."

"कोट माझा हाय," मी म्हणलं. स्टुडिओत एकच होता, सगळ्या तालुक्यानं घातलाय.

पहिल्यांदा हसल्या बाई. तोंडाला पदर लावून पुष्कळ वेळ हसल्या. साळू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राह्यली.

तो फोटो आधी उतरवला, कागदावर छापून घेतला. मंग पुढची सालं, मंग मागची. अर्ध्याच्या वर आलं असंल, तेवढ्यात डिस्कनं एक लांब आवाज केला आन गप झाली. अण्णासाहेबांनी खूप खटपट केली. सुरुवातीची सालं गेली. माझं पहिलं काम सगळं गेलं.

वाईट वाटलं. लिहून काय होणार. येताना एसटीत गोपिकाबाई तो फोटो हातात धरून झोपी गेल्या.

२१ नोव्हेंबर

कडूबा फोटो घेऊन गेला. निळी डिस्क मशीनमध्ये बसवली. हिरवीवर तेच सगळं परत उतरवलं, ती वसंता पुण्याला नेणार. रामराव विचारून गेले, शेवटी कोणती घेतली? दोन्ही, म्हणलं. नाराज झाले.

२४ नोव्हेंबर

टकटक न्हाई. घर फार शांत वाटतं. साळू म्हणते, आता उंदीर आणून सोडू का?

३ डिसेंबर, रविवार

कडूबा आला. वखारीतला माणूस सांडूच आहे. फोटो पाहून खाली बसला म्हणे. लग्न झालंय, पोरगी आहे. येतो म्हणाला न्हाई, येत न्हाई असंही म्हणाला न्हाई. फोटो ठेवून घेतला.

गोपिकाबाई दुपारी आल्या, इस्त्रीचं लुगडं नेसून. ओट्यावर न बसता सरळ आत आल्या.

"आता माझा काढा," म्हणल्या. "त्याच्यापाशी माझा न्हाई."

कॅमेरा माळ्यावर आहे. साळू शिडी आणून राह्यली.