भरतातला टोमॅटो

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

मानसिक उपचार घेणाऱ्यांसाठी आम्ही गल्लीतल्या बायका डबे करतो. अक्कांचा डबा माझ्याकडे. त्यांची गोळी जेवणानंतरची, पण त्या दोन घासांवर थांबतात. तीन महिन्यांत माझ्याशी एक शब्द नाही. आज मी भरतात टोमॅटो घातला. घाईत, की माहेरच्या सवयीने? अक्कांनी घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“भरीतमा टमाटा कोनी टाका वं?”

“मीच, अक्का.”

“सासूनी काहीच शिकाडं नही का तुले?”

बडबडत त्यांनी अख्खी भाकरी संपवली. टोमॅटोच्या फोडी तेवढ्या ताटाच्या कडेला काढून ठेवल्या. मग गोळीसाठी स्वतःच हात पुढे केला.

येताना उद्यासाठी वांगी घेतली. टोमॅटोही घेतले.