घरचा कपडा

४ मार्च
आलो एकदाचे! लष्कराचा हा प्रशिक्षण तळ बंद पडून बरीच वर्षं झाली. आता इथे स्मृतिसंग्रहालय होणार आणि ते मांडायचं काम माझ्याकडे आलंय. राहायला प्रशिक्षकांची जुनी खोली आहे. जाड भिंती, खिडकीसमोर कवायतीचं मैदान, नळाला चक्क गरम पाणी. नोकरी सुटल्यामुळे नवरोबा मोकळेच, म्हणून सोबत आले आणि आल्या आल्या खाटेवर आडवे झाले. सामान अर्थातच मी लावलं. लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःचा टॉवेलही वाळत घातलेला नाही. तरी त्याच्यावाचून मला करमत नाही, हेही खरंच.

९ मार्च
आज सूर्य कुठे उगवला कोण जाणे! नवऱ्याने पांघरुणाची घडी घातली, तीही कडक. बूट चकाचक. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, उशिरा का होईना, जावई सुधारला. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

१३ मार्च
गावातले म्हातारे कवायत-मास्तर जुने फोटो घेऊन आले. शेवटची तुकडी त्यांच्याच हाताखालची. संगिनीने भोसकायच्या सरावाला पेंढ्याचे पुतळे असत. त्यांना पोरांच्या घरचा कपडा चढवत, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. आईचा, बहिणीचा, बायकोचा, जिच्यावर जास्त जीव तिचा. पोरं आधी रडायची, मग हात बसायचा. संग्रहालयाच्या समितीला नुसता गौरव हवाय, पण हे मी फलकावर लिहिणारच. नवरा मात्र ताठ उभा राहून ऐकत होता.

१७ मार्च
तो खोलीत यायला परवानगी मागतो. दोनदा मी थट्टेने दिली. आज रडूच कोसळलं. जवळ घेतलं, तर लाकडासारखा उभा. म्हटलं, काम गेलं खड्ड्यात, उद्या घरी जाऊ. म्हणाला, मी अजून तयार नाही.

१८ मार्च, सकाळ
बॅगा भरल्या. माझा निळा, बटणांचा स्वेटर सापडेना. मैदानात खांबाला पुतळा बांधलाय — स्वेटर त्याच्या अंगात. छातीवर चिरा. बाजूच्या वेड्यावाकड्या, मधल्या अगदी सरळ.
रागाने ओरबाडून काढला आणि अंगात घातला. यात मला पाहिलं की भानावर येईल. आलाच पाहिजे. माझाच नवरा आहे तो.

दुपार
तो सकाळपासून कुठे दिसत नाही. मास्तरांना फोन केला. तळ बंद का पडला, विचारलं. म्हणाले, शेवटच्या तुकडीला भेटायला घरची माणसं आली होती, तेच कपडे घालून. पोरांनी कपडे ओळखले. माणसं नाही.

तो मैदान ओलांडून येतोय. हातात — 
खिडकीतून हाक मारली. चेहऱ्याकडे बघतच नाही. नुसता स्वेटरकडे —
बटणं — दोन निघाली — पायरीवर बूट — तिसरं निघत ना