मम्मीची वीत

सिल्व्हियाताई,

फर्स्ट शिफ्टला निघालोय. एस्तेरला उठव, डबा भरून ठेवलाय.

तिला दुसरीच्या वर्गात सध्या मोजमाप शिकवतायत. घरी करायचं होतं: पलंग आधी आपल्या वितीने मोजा, मग आईच्या.

मी म्हटलं, माझ्या वितीने मोजू.

"पप्पा, तुमची वीत मोठी आहे. उत्तर चुकेल."

मरिया गेल्यापासून तिचे हातमोजे स्कूटीच्या डिकीतच होते. एस्तेरने एकात कापूस भरला, बोटं ताणली आणि पलंग मोजला. उत्तर लिहिलंय. तपासू नकोस.

हातमोजा उशीखाली आहे. धुवायला टाकू नकोस.

आणि एक. मोजून झाल्यावर म्हणाली, "माझी वीत वाढत जाईल. मम्मीची एवढीच राहणार ना?"

मी दूध तापवायला उठलो.

आज तुला विचारेल.

बेंजामिन