ओवाळायचं कुणाला?

चि. भिमाजीस, डिंगोऱ्याहून साळूआक्काचा आशीर्वाद.

तू सरपंच व्हतास तवापासून पार खासदार झालास तरी, परचाराचा नारळ फोडायच्या आधी मीच तुला ओवाळलं. औंदा तू पक्ष बदललास, आन माझा सूरज जुन्याच पक्षातून तुझ्या माणसाविरुद्ध झेडपीला उभा. उद्या तू आन सूरज, दोघंबी नारळ फोडाया देवळात येणार. ताट कुणाफुडं धरू, म्हणून फोन केला, तर तू हसलास.

"सूरजलाच ओवाळ, आक्का. निवडून आला की आमच्यातच येतोय. ठरलंय आमचं."

मला कायच कळंना, राव. शेजारची चिमाबाई तुझ्या माणसासाठी फिरती, म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं. परवा तिच्या नातवाचं बारसं झालं. पाळणा मी भिंतीपल्याडनं ऐकला.

तुझी पत्रं पीए वाचतो, म्हणून हे धाडत न्हाई. तुमचं ठरलं, पण मी चिमाबाईच्या दारात कोणतं तोंड घिऊन जाऊ?

तुझी बहीण, सूरजची आई,
साळू