तुमचं गाव कोणतं, बाई?

बाई, तुमचं गाव कोणतं होतं हो? एवढं एकच विचारायला बसलेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी खरं सांगायला काय हरकत आहे? पण तुम्ही सांगणाऱ्यातल्या नव्हेच. आज समोर असतात तरी म्हणाला असतात, "तुला काय करायचंय गं माझ्या गावाशी? समोरची दोघं काय बोलतात तिकडं ध्यान दे."

नव्वदनंतरची ती वर्षं. विश्रामबागेतलं आपलं कुटुंब सल्ला केंद्र म्हणजे पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की आतलं बोलणं बाहेर जायचं नाही, म्हणून ती जागा तुम्हाला पसंत. मी पाटणहून आले ती संशय बरोबर घेऊनच. आमच्या ताईला वडीलधाऱ्यांनी बैठकीत समजूत घालून नांदायला धाडलं होतं, आणि ती परत आली ती एका कानानं बहिरी होऊन. तेव्हापासून समेट हा शब्द ऐकला की मी तिथून उठूनच जायचे. मग नवरा-बायकोत समेट घडवायचं काम शिकायला आलीसच कशाला, असं तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत. "लक्ष ठेवायला," मी म्हणाले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "ठेव. माझ्यावर पण ठेव." मग काय, ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात बोलणी खाल्ली. एका सासूनं सहज विचारलं, "म्याडम, गाव कंचं वं तुमचं?" मी पाटण म्हणाले. झालं! "आगं बया, मग आमच्या नणंदंच्या गावच्याच की तुमी!" म्हणत तिनं माझा हातच धरला, आणि समोर बसलेली सून जी गप्प झाली ती झालीच. माणसं गेल्यावर तुम्ही मला फैलावर घेतलंत. "आपल्याकडं गाव सांगितलं की नातं निघतं. नातं निघालं की तू मधली राहत नाहीस, पाव्हणी होतेस. या खोलीत तुला गाव नाही, माहेर नाही, आडनाव नाही. कळलं?" कळलं की. इतकं कळलं की पुढं चहावाल्यालाही मी गाव सांगितलं नाही.

आणि मग ती औंधकडची माणसं आली. विशीतली सून, तिचा नवरा, सासू आणि थोरला दीर. नवरा कुपवाडला कारखान्यात, शनिवारी घरी जाणारा. सून सारखी माहेरी पळून जायची. का, ते सांगायची नाही. "मला कायबी तरास न्हाई," एवढंच, तेही पायाच्या अंगठ्याकडं बघत. सासू मात्र तोंडाचा पट्टा सोडून बसलेली. "नगं मला ही घरात! डोळ्यासमूर नगं!" दीर बिचारा हात जोडून, "म्याडम, आमची आई जरा तापट हाय, पोरगी गरीब हाय वं." मला तो मोठा समंजस वाटला. सासूला तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलंत आणि थोड्या वेळानं पाठोपाठ गेलात. मी खिडकीशी उभी. बघते तर तुम्ही त्या बाईच्या शेजारी फतकल मारून बसलेल्या, तिच्या फडक्यातली भाकरी-चटणी खाताय! पायरीवर दीर बिडी ओढत होता. सासूनं विचारलं, "बाई, गाव कंचं?" आणि तुम्ही एका गावाचं नाव घेतलंत. खोलीत पुस्तकासारखं बोलणाऱ्या तुम्ही म्हणता कशा, "व्हय की, आमचं म्हायार तितलंच! लय दिसांनी कुनीतरी घावलं बघा." ते सासूचंही माहेर होतं, आपल्या कागदांत लिहिलेलं. दोघी खदाखदा हसत होत्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला एक नियम आणि तुम्हाला दुसरा? आता ही पोर गेली, ताईसारखी गेली, असंच वाटलं. तुम्ही आत येऊन सुनेला म्हणालात, "तूर्तास जा त्यांच्याबरोबर. दोन दिवसांत मी येतेय." माणसं गेल्यावर मी म्हणाले, "पाव्हण्या झालात." तुम्ही म्हणालात, "झाले." बस्स. तुमची सही झाल्याशिवाय मला प्रमाणपत्र मिळणार नव्हतं, म्हणून तोंड दाबून गप्प बसले. पण ते दोन्ही दिवस वाटत राहिलं, बाईंना माहेरची ओढ लागली आणि त्यात पोरीचा जीव जाणार.

दोन दिवसांनी म्हणालात, "चल, यमाईला जाऊन येऊ." तुम्ही आणि देवीला! तरी एस.टी.त बसले, कारण तुम्हाला एकटं सोडायची माझी तयारी नव्हती. औंधला उतरून देवळाकडं न बघता तुम्ही वाट धरलीत ती थेट त्या घराची. बाजारचा दिवस होता, गडीमाणसं कुणी नव्हती. तिथं मला पहिल्यांदा दिसलं, माहेरची बाई म्हणजे काय ते. सल्ला केंद्राच्या बाईंना सोप्यात घोंगडं टाकलं असतं, चहा दिला असता आणि वाटेला लावलं असतं. माहेरच्या बाईला कोण अडवणार? तुम्ही सरळ चुलीपाशी जाऊन बसलात. "डोकं लय दुखतंय गं पोरी, जरा त्याल घाल." सून तुमच्या पाठीमागं बसली. तिला तुमचं तोंड दिसत नव्हतं, तुम्हाला तिचं. तुमच्या केसांत बोटं घालून ती हळूहळू बोलायला लागली.

थोरला दीर. तोच, हात जोडणारा. सासूबाई रानात गेल्या की दार लोटायचा.

सासू चुलीतल्या जाळाकडं बघत बसली होती. "म्याच धाडती हिला म्हायारी," ती म्हणाली. "भांडान काढती आन धाडती. पोटच्या पोराचं नाव कुनाम्होरं घिऊ, बाई? तुमीच सांगा." आणि मग अशी रडली की मला तिथं बसवेना.

परतताना तुम्ही म्हणालात, "चटणी खाताना सासू म्हणाली, थोडी राहू द्या, तिला आवडती. घरात नको म्हणणारी बाई सुनेसाठी चटणी कुटून आणते होय? मी तिथंच चरकले. पण थोरला पायरीवर बसला होता, तिथं विचारायची सोय नव्हती." पुढच्या बैठकीत तुम्ही नवऱ्याला एकट्याला घेतलंत. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक. त्यानं कुपवाडला खोली घेतली, बायकोला नेलं. "ने, डोळ्यासमूर नगं ही!" सासू थोरल्यादेखत पुन्हा तशीच ओरडली. त्या ओरडण्यानं या वेळी माझे डोळे भरले. थोरल्याला तुम्ही मोकळा सोडलात, ते मात्र मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. "पोरीला विचारलं मी. तिला बोभाटा नको," म्हणालात. खरंच विचारलंत ना, बाई?

औंधहून परतताना त्या एस.टी.त मी विचारलं होतं, "तुमचं माहेर खरंच त्या गावचं?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "तिकिटं नीट ठेव." तुमच्या मातीला आले तेव्हाही मी चार जणांना विचारलं. एक म्हणाला मिरजेकडचं, एक म्हणाला कर्नाटकातलं. त्या गावाचं नाव कुणीच घेतलं नाही.

आता मी तुमच्या खुर्चीत बसते. शिकायला येणाऱ्या मुलींना गाव सांगू देत नाही. आणि गेल्या आठवड्यात व्हरांड्यात एका सासूनं मला विचारलं, "कुटलं वं तुमी?" तिची सून आत अंगठ्याकडं बघत बसली होती. मी विचारही केला नाही, तिच्याच माहेरचं नाव ठोकून दिलं. त्या गावात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. उद्या तिच्या चुलीपाशी जायचंय.

तुम्ही खोटं बोललात की नाही, मला अजून माहीत नाही, बाई. मी मात्र बोलले. हे पत्र घालायला पाकीट घेतलंय. वर तुमचं नाव लिहिलं आणि गावापाशी येऊन हात थांबला.