ऱ्हाईनच्या बोटीवर डॉक्टर नाही

मंगळवार, दोहा. मगरिबच्या नमाजानंतर.

मॅडमच्या आईचा, हज करून आल्यापासून सगळे त्यांना हज्जा म्हणतात, श्वास आज दुपारी पुन्हा अडकला. ओठ निळे पडले. मी ऑक्सिजन लावला. रंग परतला तसं त्यांनी माझं मनगट धरलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मुलीला सांगू नकोस. ती बोट रद्द करेल. मला एकदा मोठी नदी बघायचीय."

रविवारी निघायचंय. ऱ्हाईन नदीवर सात दिवस, त्या दोघी आणि मी. बोटीवर डॉक्टर नाही, मी दोनदा विचारलं. मॅडम हसल्या, "तू नर्स आहेस ना?" आहे. पण ओठ पुन्हा निळे पडले आणि दोन्ही काठांवर नुसते द्राक्षमळे असले, तर मी कुणाला हाक मारू? ही भीती हज्जांसाठी की माझ्या नोकरीसाठी? दोन्हींसाठी, इथे खोटं कशाला लिहू.

मॅडम ऑफिसातून आल्या आल्या मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "खलास. कुठेही जायचं नाही."

हज्जांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळची गोळी माझ्या हातून घेतली नाही. मग मॅडमच्या हातूनही नाही. पाणीसुद्धा नको म्हणाल्या. या अल्ला, मी त्यांना वाचवायला गेले होते ना?