घंटेतला कापूस

८ जानेवारी

—मीटिंगमध्ये म्यूटचं बटण सापडेपर्यंत आजोबांची घंटा दोनदा वाजून गेली होती. केयूर म्हणाला, "वल्लरी, आरती चालूये का तुमच्याकडे? आम्हाला प्रसाद कुरिअर कर." सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांच्या आधी हसले.

मग आजोबांच्या खोलीत गेले. त्यांना पडदा ओढून हवा होता. ऊन डोळ्यांवर येत होतं.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच," ते म्हणाले.

पडदा ओढला. इतका जोरात ओढला की एक कडी निघून हातात आली.

९ जानेवारी

भांडं. पाणी. उशी. भांडं. रेडिओ बंद. भांडं.

११ जानेवारी

आजोबांचं हृदय थकलं आहे. शब्द डॉक्टरांचा. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, म्हणून लघवीची गोळी. गोळीमुळे सारखं भांडं लागतं. यात दोष कोणाचाच नाही. हे मला समजतं. समजून उपयोग काही होत नाही.

आई सकाळी कात्रजला शाळेत जाते. मुलं, पेपर, मग परतीचा ट्रॅफिक. येते ती चप्पल न काढता आधी त्यांच्या खोलीत. रात्री तिथेच झोपते. सासरे आहेत तिचे; बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली. मी घरून काम करते. म्हणजे घरी असते. म्हणजे मोकळी असते — असं सगळेच धरून चालतात.

साहित्यात एम.ए. केलं. आता एका बँकेच्या ॲपमधली मराठी वाक्यं तपासते. नोकरी अजून पक्की नाही. केयूर माझा साहेब, माझ्याहून लहान आहे आणि ती पक्की करायची का, ते तोच ठरवणार आहे.

घंटेचं असं झालं. हाक मारायला दम पुरेना, म्हणून मंदाआत्याने बटणाची बेल मागवली. दाबली की गाणं वाजायचं. आजोबा म्हणाले, "कुल्फीवाला आलाय का?" बेल परत पाठवली. मग त्यांनीच देवघरातली घंटा मागून घेतली. मी लहानपणी उगाच वाजवली की माझ्या हातून काढून घ्यायचे — आरती असेल तेव्हाच, आणि डाव्या हाताने! आता ती त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर असते. "देव येतो, मग तुला यायला काय झालं?" म्हणाले.

देव मीटिंगमध्ये नसतो.

१४ जानेवारी

संक्रांत. मऊ वडी केली होती आईने. आजोबांनी अर्धी खाल्ली. अर्धी माझ्यासाठी ठेवली, रुमालात. मी म्हणाले, मी खाल्ली आहे. खाल्ली नव्हती. रुमालाकडे बघवेना.

१५ जानेवारी

उद्या क्लायंटसमोर मला बोलायचं आहे. केयूर म्हणाला, "आणि प्लीज, उद्या ते देवाचं नको हां. म्हणजे, रिस्पेक्ट आहे, पण."

त्यांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसता येईल. इंटरनेट तिथेही चांगलं येतं. पण कॅमेऱ्यात पलंग दिसेल. भांडं दिसेल. ते मधेच बोलतील.

हे लिहिताना कान गरम झाले. तरीही बसणार नाही.

१६ जानेवारी

केलं.

आजी गेल्यापासून देवाच्या वाती आजोबा वळतात. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात त्यांचा कापूस असतो. दिवसभर मांडीवर डबा, बोटं चालू. आता बोटं हळू चालतात, पण वात तशीच निघते — घट्ट, दोन्ही टोकं सारखी. सकाळी ते डोळे मिटून पडले होते. मी त्या डब्यातून कापूस घेतला, घंटेच्या लोलकाला गुंडाळला आणि घंटा स्टुलावर होती तशी ठेवली. हलवून पाहिली. ठप्प. कोणी उशीवर थाप मारल्यासारखी.

दार लावून घेतलं. मीटिंग चांगली झाली. मी चांगली बोलले! शेवटी क्लायंट म्हणाला, 'कृपया प्रतीक्षा करा' हे जड वाटतं, लोकांना थांबायला सांगायचं तर प्रेमाने सांगावं. मी लगेच तीन पर्याय दिले.

नंतर खोलीत गेले. चादर ओली होती. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"वाजवली होती मी," ते म्हणाले. "आली नाही का ऐकू?"

"आली. येतच होते."

ते मग म्हणाले, "मला नाही आली. कानही गेले वाटतं आता."

मी चादर बदलली. पायजमा बदलला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते — माझ्यासाठी का स्वतःसाठी, कळलं नाही. तेव्हाच सांगता आलं असतं. तोंडात शब्द होते. मी म्हणाले, "पंखा लावू का?"

जानेवारीत.

१७ जानेवारी

आई यायच्या आधी कापूस काढते. ती गेली की घालते. मी हे ठरवलं नव्हतं. होतं आहे.

१९ जानेवारी

घर शांत. काम भराभर होतं. मधूनमधून मी आपणहून उठून जाते, भांडं देते, पाणी देते. मोजून मापून पाणी — जास्त द्यायचं नाही. मनात म्हणते, नाहीतरी जातेच की मी. कधी वेळेवर पोचते. कधी नाही.

ते काही बोलत नाहीत. पूर्वी बोलायचे. "आपण आलात! आमचं भाग्य!" असं काहीतरी. टोमणे मारले असते तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी

हडपसरहून मंदाआत्या आली. येतानाच लिफ्टला नावं ठेवत. आजोबांनी तिला सांगितलं, "मला घंटा ऐकू येत नाही हल्ली. हिला येते, म्हणून निभावतंय."

झालं. आत्या त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागली. "अण्णा! जेवलात का! पोळी कुस्करून दिली होती का!" शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

आजोबा म्हणाले, "मंदा, ओरडू नकोस. मी घंटेपुरताच बहिरा आहे."

आत्या हसून हसून पदराने डोळे पुसत होती. "ऐकलंस का गं वल्ली? बापाची जीभ काही थकत नाही!"

मी चहा गाळत होते. चहा कपाबाहेर गेला. आजोबा माझ्याकडे बघत नव्हते. डब्यातला कापूस पिंजत होते.

जाताना आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू आहेस म्हणून मी तिकडे निर्धास्त झोपते."

२२ जानेवारी

स्वयंपाकघरात आईला म्हणाले, "आजोबांचे कान तपासून घ्यायचे का?" — हे मी म्हणाले! आई म्हणाली, "मला म्हणाले ते. संध्याकाळी ऐकू येतं, दुपारी येत नाही. वय झालं, वल्ली. असंच होत असेल."

ती कुकरची शिटी मोजत होती. मान वर केली नाही. केली असती तर माझं तोंड दिसलं असतं.

२३ जानेवारी

आज कापूस घातला नाही. घंटा वाजली. केयूरशी बोलत होते. "सॉरी" म्हणून उठले, भांडं दिलं, परत आले. तो काही बोलला नाही. जग बुडालं नाही.

जेवणानंतर पुन्हा घातला. दुपारी कॉल होता.

२७ जानेवारी

नोकरी पक्की झाली. केयूरचा फोन — "काँग्रॅट्स! पेढे कधी?"

आईला फोन केला, ती वर्गात होती. मग आजोबांना सांगायला गेले. आणखी सांगणार कुणाला?

"शाबास," ते म्हणाले. "अशा वेळी घंटा वाजवायला हवी."

त्यांनी ती उचलली. डाव्या हातात. आरतीला धरतात तशी धरून हलवायला लागले, ठेक्यात, डोळे अर्धे मिटून. कापूस आत होता. मी पलंगाच्या कडेला बसले होते. खोलीत त्यांच्या श्वासाचाच आवाज. आणि मनगटाचा — हाड वाजतं त्यांचं. ते हलवतच राहिले. थांबवायला हवं होतं मी. हात पुढे करून घंटा घ्यायला हवी होती. मी हात मांडीवर ठेवून बसले.

दम लागला तेव्हा थांबले.

"वाजली ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग झालं."

२८ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. तोंड धुताना आरशात बघितलं नाही.

३० जानेवारी

डॉक्टर घरी येऊन गेले. छातीत पाणी वाढलं आहे. दवाखान्यात न्यायचं का, आईने विचारलं. ते म्हणाले, "नेऊ शकता. मी माझ्या वडलांना नेलं नव्हतं." आई दारापर्यंत सोडायला गेली आणि तिथेच उभी राहिली, दार उघडं.

आजोबांनी मला विचारलं, "काय म्हणाला?"

"विश्रांती घ्या म्हणाले."

"कसून प्रयत्न करतो म्हणावं."

३१ जानेवारी

टँकर आला नाही. दोन वेळा चादरी. आईने सुट्टी घेतली आहे, पण आजच्यापुरती, परीक्षा आल्या. मी तिच्यावर चिडले, साबण कुठे ठेवतेस म्हणून. साबण माझ्या हातात होता.

१ फेब्रुवारी

आई गेल्यावर कापूस घातला नाही. उलट खिशात होता तोही कचऱ्यात टाकला. ठरवून त्यांच्या खोलीत गेले. आज सांगायचंच. ते उशांना टेकून बसले होते, मांडीवर डबा. एक वात वळायला किती वेळ लागत होता! बोट थुंकीने ओलं करायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा.

"आजोबा, ती घंटा—"

"आज मीटिंग नाही?"

"नाही. उद्या आहे. अकराला."

"मोठी?"

"मोठीच. पण तुम्ही वाजवा. केव्हाही वाजवा. मी येईन. खरंच येईन."

"बरं," ते म्हणाले. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले. त्यांनी वात संपवली, उजेडात धरून पाहिली, बाजूला ठेवली. दुसरीला कापूस घेतला.

सांगितलं नाही. पण कापूस टाकला. हे सांगितल्यासारखंच झालं, असं आता लिहिते आहे. झालं नाही तसं.

संध्याकाळी एकदाही घंटा वाजली नाही. आई म्हणाली, शांत आहेत आज.

२ फेब्रुवारी

सकाळी आई गेल्यावर चहा घेऊन गेले. घंटा स्टुलावर. उचलली, वाजली नाही. उलटी करून पाहिली. लोलकावर कापूस होता. माझ्यासारखा बोळा नाही — लांब वात, थरावर थर, घट्ट, टोक आत खोचलेलं.

आजोबा जागे होते.

"तुझा ढिला बसायचा," ते म्हणाले. "मधूनच वाजायची."

मग म्हणाले, "भांडं आत्ताच दे. अकराच्या आत."

दिलं.